कंटेनरमध्ये गेलं की ‘पुणे’ अनोळखी: हॅस्केलमधल्या कमांड-लाइन आर्ग्युमेंटचं एक प्रकरण

मार्चएण्डच्या आदल्या आठवड्यात आमचा एक छोटा प्रोग्रॅम अचानक रुसला. एका पतसंस्थेच्या नऊ शाखांचे रोजचे अहवाल काढणं एवढंच त्याचं काम. मी तो हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता आणि दीड वर्ष तो एका जुन्या सर्व्हरवर बिनबोभाट चालत होता. सर्व्हर निवृत्त करायचा म्हणून आम्ही प्रोग्रॅम डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या बंदिस्त वातावरणात, हलवला आणि पहिल्याच रात्री नऊच्या नऊ अहवाल पडले.

चालवायची कमांड अशी (नावामागचे शब्द म्हणजे तिची आर्ग्युमेंट, त्यातले दोन हायफनवाले ऑप्शन):

रिपोर्ट --ब्रांच पुणे --आउट /डेटा/पुणे.सीएसव्ही

ऑप्शनांची आणि फंक्शनांची नावं अर्थातच इंग्रजी लिपीत आहेत, इथे वाचायला बरं पडावं म्हणून देवनागरीत लिहितोय. ‘पुणे’ मात्र खरोखर देवनागरीतच टाइप होतं. शाखेचं नाव जसं द्याल तसंच ते अहवालाच्या मथळ्यावर छापलं जातं आणि संस्थेतली मंडळी नावं मराठीतच लिहितात. इंग्रजी सांकेतिक नावं लादायची नाहीत, हा निर्णय सुरुवातीला मीच घेतला होता. त्यावरून नंतर बोलणीही मीच खाल्ली.

सकाळी लॉगमध्ये एवढंच दिसलं:

ऑप्शन --ब्रांच: अननोन ब्रांच: रिपोर्ट: <स्टडएरर>: एचपुटकॅर: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट (कॅनॉट एन्कोड कॅरॅक्टर '\५६५४४')

ही ओळ नीट बघा, कारण आम्ही बघितली नाही. दोन वेगळे निरोप एकाच ओळीत चिकटलेत. पहिला आमचा स्वतःचा: ‘अननोन ब्रांच’, आणि पुढे जिथे शाखेचं नाव यायला हवं तिथेच तो तुटलाय. दुसरा हॅस्केलच्या रनटाइमचा, म्हणजे चालता प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या भागाचा. आमची नजर मात्र ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ या दोन शब्दांवर खिळली. आर्ग्युमेंट चुकीचं म्हणतोय म्हणजे कमांड-लाइन पार्सिंगमध्येच, म्हणजे आर्ग्युमेंट वाचून त्यांचा अर्थ लावण्यातच, गडबड असणार, असं टीममधल्या तिघांनीही धरून टाकलं. प्रत्यक्षात तो शब्दप्रयोग ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या एररचं नाव आहे. कमांड लाइनशी त्याचा काही संबंध नाही. दिलेलं कॅरॅक्टर स्टडएररवर, म्हणजे एरर छापायच्या वाटेवर, लिहिता येत नाही, इतकंच त्याला म्हणायचं होतं.

पुढचा अर्धा दिवस आम्ही पार्सरला धारेवर धरलं.

पार्सर म्हणजे ऑप्टपार्स-अ‍ॅप्लिकेटिव्ह ही लायब्ररी. हॅस्केलमध्ये कमांड-लाइन टूल लिहिणारा बहुतेक जण हीच वापरतो. प्रत्येक ऑप्शनचा छोटा पार्सर लिहायचा आणि अ‍ॅप्लिकेटिव्हच्या चिन्हांनी ते जोडून मोठा बनवायचा. हेल्पचा मजकूर आपोआप तयार होतो. आमच्या ब्रांच ऑप्शनला मी ईदररीडर लावला होता: आलेली स्ट्रिंग शाखांच्या यादीत शोध, सापडली तर त्या शाखेची व्हॅल्यू दे, नाही तर ‘अननोन ब्रांच’ म्हणून परत पाठव. यादी सोर्स फाइलमध्येच होती.

या लायब्ररीचे काही ठरलेले खड्डे आहेत. उणे चिन्हाने सुरू होणारी किंमत सुटं आर्ग्युमेंट म्हणून दिली की ती तिला ऑप्शन समजते आणि मध्ये दोन हायफन टाकावे लागतात. स्विचला (किंमत नसलेल्या हो-नाही ऑप्शनला) मेनी (‘कितीही वेळा’ सांगणारं फंक्शन) लावलं तर प्रोग्रॅम लटकतो, कारण स्विच कधी फेलच होत नाही आणि मेनीला थांबायला फेल हवं असतं. असे सगळे खड्डे आम्ही तपासले. स्पेसऐवजी बरोबरचं चिन्ह देऊन पाहिलं. अवतरणचिन्हं शेलने काढलीत की ती तशीच आत गेलीत, तेही पाहिलं. काहीच हाती लागलं नाही.

टेस्ट तर सगळ्या हिरव्या. पार्सरच्या टेस्ट मी एक्झेकपार्सरप्युअर वापरून लिहिल्या होत्या. या फंक्शनला आर्ग्युमेंटांची लिस्ट हातात द्यायची आणि निकाल घ्यायचा, मध्ये कुठेही आयओ, म्हणजे बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण, नाही. फंक्शनल मंडळींना अशा टेस्टचा फार अभिमान असतो, मलाही होता. पण त्या टेस्टमधला ‘पुणे’ हा लिटरल, म्हणजे सोर्स फाइलमध्येच थेट लिहिलेला, होता. जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर सोर्स फाइल नेहमी यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरांचे बाइट करायची एक पद्धत) म्हणूनच वाचतो, मशीनचं लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) काहीही असो. म्हणजे टेस्टमध्ये यादीतला पुणेही कंपायलरने वाचलेला आणि आर्ग्युमेंटमधला पुणेही कंपायलरनेच वाचलेला. दोघे एकाच घरचे. जुळणारच.

दुपारी चहानंतर एका सहकाऱ्याने सुचवलं की एरर मेसेजमध्ये नाव सरळ न जोडता शो लावून जोड. शो स्ट्रिंगला अवतरणचिन्हांत घालतं आणि आस्कीबाहेरच्या (मूळ इंग्रजी १२८ कॅरॅक्टरांच्या संचाबाहेरच्या) प्रत्येक कॅरॅक्टरच्या जागी त्याचा आकडा लिहितं, त्यामुळे ते छापताना अडत नाही. हे सकाळीच करायला हवं होतं. बदल केला, कंटेनरची इमेज पुन्हा बांधली, चालवली, आणि नावाच्या जागी हे आलं:

\५६५४४\५६४८४\५६४९०\५६५४४\५६४८५\५६४४९\५६५४४\५६४८४\५६४८३\५६५४४\५६४८५\५६४५५

लॅपटॉपवर तीच कमांड शो लावून छापली तर:

\२३४६\२३६९\२३३९\२३७५

खालचे चार आकडे ओळखीचे. प, उकार, ण, मात्रा. युनिकोडमधले आपले नेहमीचे कोड पॉइंट, म्हणजे कॅरॅक्टरांचे क्रमांक. वरचे बारा कुठून आले? ५६५४४ दर तिसऱ्या जागी येतोय हे आधी डोळ्यांत भरलं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कॅरॅक्टरला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट कायम २२४ असतो. ५६५४४मधून २२४ वजा केले की ५६३२० उरतात. मग बाराही आकड्यांमधून ५६३२० वजा करून पाहिले: २२४, १६४, १७०, २२४, १६५, १२९ आणि पुढे तसेच. ‘पुणे’चे यूटीएफ-८मधले बारा बाइट, एकही इकडचा तिकडे न होता.

म्हणजे आर्ग्युमेंट सहीसलामत पोहोचलं होतं. लिनक्स चालू प्रोसेसची माहिती दाखवतं त्या प्रॉकमधल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये पाहिलं, तिथेही बाइट बरोबर होते. बिघाड झाला होता तो बाइट पोहोचल्यानंतर आणि पार्सरच्या हातात स्ट्रिंग पडण्याआधी.

त्या मधल्या जागेत गेटआर्ग्स हे आर्ग्युमेंट आणून देणारं हॅस्केलचं फंक्शन बसतं. त्याचा टाइप सांगतो की हे आयओमधून स्ट्रिंगांची लिस्ट देतं. हॅस्केलमधली स्ट्रिंग म्हणजे कॅरॅक्टरांची लिस्ट आणि कॅरॅक्टर म्हणजे युनिकोड कोड पॉइंट. पण युनिक्समध्ये प्रोसेसला आर्ग्युमेंट मिळतात ती नुसत्या बाइटांच्या रूपात. बाइटांचे कोड पॉइंट करायचे तर कुठलं तरी एन्कोडिंग धरावं लागतं. जीएचसी त्यासाठी फाइलसिस्टिम एन्कोडिंग नावाची एक ग्लोबल किंमत वापरतो आणि ती प्रोग्रॅम सुरू होताना लोकेलवरून ठरते. कंटेनरमध्ये लोकेल कॅरमॅप ही कमांड चालवली तर उत्तर आलं ‘एएनएसआय एक्स३.४-१९६८’. म्हणजे साधं आस्की. लोकेल सांगणारं लँग व्हेरिएबलच नव्हतं, म्हणून डीफॉल्टचं सी लोकेल.

आस्कीत २२४ नावाचं काही नाही. मग डिकोडर तिथेच एरर का देत नाही? कारण युनिक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे काहीही बाइट असू शकतात आणि डिकोड होत नाही म्हणून फाइल उघडायचीच नाही असं म्हणून चालत नाही. पायथनने यावर २००९मध्ये पीईपी ३८३ या प्रस्तावात एक युक्ती काढली आणि जीएचसीही तीच चाल वापरतो. जो बाइट समजत नाही त्यात ५६३२० मिळवायचे आणि तो एकटा सरोगेट (कुठल्याही अक्षराला न दिलेला राखीव कोड पॉइंट) म्हणून स्ट्रिंगमध्ये ठेवायचा. तीच स्ट्रिंग फाइलचं नाव म्हणून परत बाहेर जाताना मूळ बाइट जसाच्या तसा निघतो. याला राउंडट्रिप म्हणतात.

यानेच आम्हाला आणखी चकवलं होतं. त्याच कमांडमधलं --आउट /डेटा/पुणे.सीएसव्ही हे नाव पूर्ण व्यवस्थित चालत होतं. ब्रांच ऑप्शन तात्पुरता काढून डीफॉल्ट शाखा दिली तर फाइल तयार व्हायची आणि तिच्या नावात सुबक ‘पुणे’ असायचं. साहजिकच कुणीतरी म्हणालं, “मराठी नावाचा प्रश्न असता तर फाइलही झाली नसती.” फाइल होत होती कारण तिथे स्ट्रिंग फक्त आत येऊन बाहेर जात होती. ब्रांचमध्ये तीच स्ट्रिंग यादीतल्या नावाशी ताडून पाहिली जात होती, आणि चार कोड पॉइंटांची स्ट्रिंग बारांच्या स्ट्रिंगला कशी जुळणार?

एक गोष्ट जाता जाता. हेच टूल ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत लिहिलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. ओकॅमलची स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ, सोर्समधला ‘पुणे’ बारा बाइट, आलेला ‘पुणे’ही तेच बारा. लोकेलला कुणी विचारलंच नसतं. युनिकोडच्या बाबतीत हॅस्केल जास्त शहाणं आहे म्हणूनच इथे अडकलं. माझा आक्षेप त्या शहाणपणावर नाही. गेटआर्ग्सच्या टाइपमध्ये हा व्यवहार दिसत नाही यावर आहे. ‘स्ट्रिंग’ हा शब्द वाचून मी धरून चाललो की मजकूर मिळाला. मिळाली होती ती वातावरणावर अवलंबून असलेल्या एका रूपांतराची निष्पत्ती.

टेस्ट सीआयवर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) हिरव्या का राहिल्या, याचं एक कारण वर आलंच. दुसरं नंतर कळलं. प्युअर टेस्टशिवाय एक स्मोक टेस्टही होती, ती खरं बायनरी चालवून पाहायची. तीही पास. आमची डॉकरफाइल (इमेज बांधायची कृती) दोन टप्प्यांची होती: बांधायला हॅस्केलची अधिकृत इमेज, चालवायला डेबियनची स्लिम इमेज. हॅस्केलच्या इमेजमध्ये लँगची किंमत सी.यूटीएफ-८ अशी आधीच भरलेली असते. स्लिममध्ये काहीच नसतं. स्मोक टेस्ट पहिल्या टप्प्यात चालायची आणि प्रोग्रॅम दुसऱ्या टप्प्यात.

आता दुरुस्ती. इथे मी आधी एक चुकीचा रस्ता धरला, तो सांगतो, कारण शोधाशोध केली की पहिल्यांदा हाच उपाय समोर येतो: स्टडआउट आणि स्टडएररला एचसेटएन्कोडिंग लावून यूटीएफ-८ करा. केलं. मेसेजमधलं शो काढून चालवलं तर एरर तीच, अक्षरशः तीच, ५६५४४सकट. एकटा सरोगेट यूटीएफ-८मध्ये लिहिणं नियमबाह्य आहे आणि जीएचसीचा एन्कोडर तो नाकारतो. नळ खालच्या टोकाला दुरुस्त करून उपयोग नव्हता, पाणी टाकीतच गढूळ झालं होतं. सेटलोकेलएन्कोडिंगनेही काही झालं नाही, कारण लोकेल एन्कोडिंग आणि फाइलसिस्टिम एन्कोडिंग या जीएचसीत दोन वेगळ्या किमती आहेत आणि गेटआर्ग्स दुसरी बघतं.

मग सरळ डॉकरफाइलच्या दुसऱ्या टप्प्यात लँगला सी.यूटीएफ-८ दिलं. हे लोकेल डेबियनमध्ये आधीपासून असतं, वेगळं पॅकेज टाकावं लागत नाही. हाताने चालवलं, चाललं. रात्री शेड्यूलरने चालवलं, पुन्हा नऊच्या नऊ पडले.

रात्री अकरा वाजता लॉग बघत बसलो असताना रॅपर स्क्रिप्ट आठवली. शेड्यूलर प्रोग्रॅमला थेट हाक मारत नाही. एक शेल स्क्रिप्ट आधी शाखांच्या फाइली सॉर्ट करते आणि मग प्रोग्रॅम चालवते. सॉर्ट झटपट आणि एकसारखं व्हावं म्हणून कुणीतरी स्क्रिप्टच्या माथ्यावर एलसी-ऑल बरोबर सी असं एक्सपोर्ट केलं होतं. एलसी-ऑल असलं की लँगला कुणी विचारत नाही. कुणीतरी म्हणजे मीच, गिटचा इतिहास खोटं बोलत नाही. ती ओळ काढून फक्त सॉर्टच्या कमांडपुढे लावली.

पण एवढ्यावर समाधान मानायची तयारी नव्हती. उद्या आणखी कुठली स्क्रिप्ट, आणखी कुठलं मशीन. आमची सगळी आर्ग्युमेंट यूटीएफ-८ असतात हे आम्हाला माहीत आहे, तर ते प्रोग्रॅमनेच सांगावं. मेनची, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनची, पहिली ओळ आता अशी: मेकटेक्स्टएन्कोडिंगला ‘यूटीएफ-८//राउंडट्रिप’ असं नाव द्यायचं आणि मिळालेलं एन्कोडिंग सेटफाइलसिस्टिमएन्कोडिंगला द्यायचं. हे एक्झेकपार्सरच्या आधीच यायला हवं, कारण एक्झेकपार्सर पोटात गेटआर्ग्सला हाक मारतो. नुसतं यूटीएफ-८ न देता राउंडट्रिपवालं दिलं, म्हणजे एखाद्या जुन्या फाइलच्या नावात भलतेच बाइट असले तरी ती उघडेल. स्टडएररलाही तेच एन्कोडिंग लावलं. त्यामुळे काहीही कचरा आला तरी एरर मेसेज छापताना प्रोग्रॅम मधेच मरत नाही. सकाळचा अर्धा दिवस खाल्ला तो मुळात त्या तुटलेल्या मेसेजनेच.

स्मोक टेस्टही हलवली. ती आता दुसऱ्या टप्प्यातल्या इमेजमध्ये, एन्व्ह -आय लावून, म्हणजे एकही व्हेरिएबल नसताना चालते. नऊही शाखांची नावं एकेक करून देते.

आठ पास झाल्या. कऱ्हाड पडलं.

मी तर कपाळाला हात लावला. पण आता शो हाताशी होतं. यादीतलं कऱ्हाड: २३२५, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७. शेड्यूलरच्या कॉन्फिगमधलं कऱ्हाड: २३२५, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी. यादी मी इनस्क्रिप्टने टाइप केली होती, त्यात नुक्ता पोटात असलेला ‘ऱ’ (२३५३) आणि मग हलन्त. कॉन्फिग दुसऱ्या कुणी उच्चारानुसार टाइप करायच्या कीबोर्डवर लिहिलं होतं, तिथे साधा ‘र’ (२३५२), हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे, तो न दिसणारा जोडक (८२०५). युनिकोडला आपला अर्धा ‘ऱ्’ दोन्ही प्रकारे चालतो. दुसरी पद्धत जुन्या २.० आवृत्तीशी सुसंगती म्हणून ठेवलेली आहे. जोडक गाळला तर रफार होऊन ‘कर्हाड’ उमटतं, तेव्हा टाइप करणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मग जुन्या सर्व्हरवर दीड वर्ष कऱ्हाड कसं चाललं? तिथलं कॉन्फिग मी लिहिलं होतं, माझ्याच कीबोर्डवर. कंटेनरसाठी ते नव्याने टाइप झालं.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका ठरलेल्या रूपात आणणं, लावलं की हे सुटेल असं वाटलं होतं. युनिकोड-ट्रान्सफॉर्म्स पॅकेजमधलं नॉर्मलाइज एनएफसी लावून पाहिलं. त्याने तिसरा एक प्रकार सुटतो, साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता (२३६४) असा लिहिलेला, कारण ती जोडी आणि ‘ऱ’ हे युनिकोडच्या लेखी एकच आहेत. झेडडब्ल्यूजेवाला प्रकार मात्र एनएफसी जुळवत नाही, त्या दोन लेखनांना युनिकोड समान मानतच नाही. शेवटी ईदररीडरमध्ये तुलनेच्या आधी दोन पायऱ्या घातल्या: आधी एनएफसी, मग ‘र’, हलन्त, झेडडब्ल्यूजे ही तिकडी दिसली की तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त. यादीतली नावंही याच फंक्शनमधून जातात. फंक्शन प्युअर आहे, चार ओळींचं, आणि त्याच्या टेस्टमध्ये लिटरल न लिहिता कोड पॉइंटचे आकडे लिहिलेत. दोन कऱ्हाडं टेस्टच्या फाइलमध्ये शेजारी शेजारी दिसली तर सहा महिन्यांनी मीच एक डुप्लिकेट समजून खोडून टाकेन.

“सरळ इंग्रजी कोड वापरले असते तर?” हा प्रश्न त्या आठवड्यात मला चार वेळा विचारला गेला. वापरले असते तर कमांड लाइनवरचा त्रास वाचला असता, हे खरं. पण शाखेचं नाव प्रोग्रॅममध्ये कुठेतरी यायचंच होतं, आणि सी लोकेलमध्ये ते छापायची वेळ आली की असलीच एरर कधीतरी आली असती. पतसंस्थेच्या लोकांनी कीबोर्ड बदलावा यापेक्षा मी मेनमध्ये एक ओळ वाढवावी हे मला स्वस्त वाटतं. आमच्या टीममध्ये यावर अजून एकमत नाही.

३१ मार्चला रात्री नऊही अहवाल निघाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक पडला. लॉग उघडला तर आत पूर्ण, न तुटलेली, वाचता येणारी ओळ होती: ‘ऑप्शन --ब्रांच: अननोन ब्रांच: कराड’. नवीन आलेल्या ऑपरेटरने रेल्वे स्टेशनावरच्या पाटीसारखं नाव लिहिलं होतं. यादीत ते दुसरं नाव म्हणून घातलं, दोन मिनिटांचं काम होतं.